तीन पाण्यांची आवडाबाई

विषय : मौजे सावरखिंड येथे कोणतीही पाककृती सांगून झाल्यावर "आवडाबाईची आण" असे म्हणण्याच्या प्रथेबाबत.

संदर्भ : १) गावातल्या बायकांचे सांगणे. २) गावातल्या पुरुषांचे त्याच विषयावरचे वेगळे सांगणे. ३) लेखी पुरावा आढळून येत नाही.

उपरोक्त विषयी सविनय सादर, की फार वर्षांपूर्वी सावरखिंडीत आवडाबाई नावाची एक बाई राहत होती. किती वर्षांपूर्वी ते विचारू नये. विचारलं की प्रत्येक जण आपल्या आज्याच्या आज्यापासून मोजायला लागतो आणि संध्याकाळ होते.

गाव लहान, चाळीस-पन्नास उंबऱ्यांचं. पाठीशी डोंगर, डोंगरात खिंड, आणि खिंडीच्या पलीकडे आणखी पाच गावं. गावाच्या मध्यावर विहीर होती आणि विहिरीला लागून दगडी ओटा. दिवस कलला की बायका घागरी टेकवून ओट्यावर बसत आणि एकमेकींना एकच प्रश्न विचारत.

"आज काय गं, कोंडाई?"

"काय असायचं? हुलग्याचं माडगं."

"परवाबी माडगंच होतं की."

"परवा घट्ट होतं. आज पातळ हाय. धन्याचा दात हालतोय."

"दात हालतोय, का कणगी हालतीया?"

असं कोणी म्हटलं की सगळ्या हसत. मग कोणीतरी कृती विचारी. सावरखिंडीत कृती विचारली तर नाही म्हणायची पद्धत नव्हती. पुरती सांगायचीही पद्धत नव्हती. सांगणारी सगळं सांगे, आणि एक काहीतरी हातचं राखून ठेवी. कोणी मसाल्यातलं दगडफूल राखी, कोणी चुलीवरून उतरवायची वेळ. ऐकणारीलाही हे ठाऊक असे. एक गोष्ट कमी आहे असं धरूनच ती घरी जाई आणि ती जागा आपल्या अकलेनं भरी. बहुतेक वेळा नवरा जेवता जेवता थांबे. गावाचा कारभार असाच चालत होता आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. वरून येणाऱ्या हुकमांचीही तीच तऱ्हा होती : वाचायला पुरते, वागायला अपुरे.

या सगळ्यांत आवडाबाईचा हात मोठा. तिच्या शेंगोळ्यांचा वास निघाला की पाहुणे खिंडीतून माघारी फिरत, असं म्हणतात. शेंगोळ्यांची कृती तिनं मागेल तिला सांगितली होती. वीस वर्षांत एकीलाही ते तसे जमले नव्हते. लेकीला, मैनाला, लग्नाआधी शिकवले तेव्हाही आवडानं त्यातलं एक राखलंच. पहिल्या माहेरपणाला आली तेव्हा मैना म्हणाली होती, "आई, अगं माझ्यापासनंसुद्धा?"

"तू आता दुसऱ्या घरची," आवडा म्हणाली होती. हसतच म्हणाली होती.

मैनाला दिलं होतं जवळच, खालच्या वाडीत. आवडाची धाकटी जाऊ धुरपा वाटणी झाल्यावर तिकडेच राहायला गेली होती, आणि सोयरीक तिनंच जमवली होती. मैनाच्या आणि धुरपाच्या घरात एक कूड, म्हणजे एक कुडाची भिंत, एवढंच अंतर होतं.

मग तीन वर्षं पाऊस आला नाही.

पहिल्या वर्षी जोंधळा संपला. दुसऱ्या वर्षी हुलगे. तिसऱ्या वर्षी लोकांनी चिंचोके भाजून दळले, मग चिंचांनाही चिंचोके येईनात. विहिरीत वाटीनं खरवडून दर घराला दिवसाची एक घागर निघे, तीही गढूळ. तरी बायका ओट्यावर येत होत्या आणि एकमेकींना विचारत होत्या, "आज काय?" कारण "काही नाही" असं उत्तर सावरखिंडीत कधी कोणी दिलेलं नव्हतं. चुलीवर नुसतं आधण ठेवून धूर काढायचा आणि ओट्यावर येऊन म्हणायचं, पिठलं. एका संध्याकाळी पाटलीणबाई म्हणाली, "पुरणपोळी." तेव्हा सगळ्या समजल्या, की पाटलाच्या घरचंही संपलं.

त्या उन्हाळ्यात आवडाच्या घराचा धूर तेवढा खरा होता.

त्याचं असं होतं. डोंगरात एक कडू कांद होतो. जमिनीत हातभर खोल, वरून वाळलेला वेल. जनावरंही त्याला तोंड लावत नाहीत. आवडा लहानपणी माहेरी असताना ठाकरवाडीतल्या एका बाईनं तिला तो रांधायला शिकवला होता. पातळ चकत्या करायच्या, राख चोळायची, उकळायच्या आणि पाणी टाकून द्यायचं. पुन्हा उकळायच्या, पुन्हा पाणी टाकायचं. तिसऱ्यांदा तसंच. मग खायच्या. त्या बाईनं पुरतं सांगितलं होतं. ठाकरवाडीत हातचं राखायची चाल नव्हती. राखायला हातात काही असावं लागतं.

तिसरं पाणी कशासाठी, ते आवडानं विचारलं नव्हतं. दोन पाण्यांनंतर तिनं एकदा चकती जिभेवर ठेवून पाहिली होती, तेव्हा ती जरा कडवट लागली होती. तिसरं पाणी चवीसाठी असणार, असं तिनं धरलं होतं.

धुरपाला तो धूर दिसला. ती वाडीतून चढून आली, दारात बसली आणि म्हणाली, "आक्का, ओट्यावर इचारत न्हाई. हितं इचारते. काय शिजवतीस?"

आवडानं तिच्या गालांची हाडं पाहिली आणि तिला कांद सांगितला. वेल दाखवला, चकत्या सांगितल्या, राख सांगितली, दोन पाणी सांगितली. तिसरं राहिलं. मुद्दाम राखलं असंही नव्हे. वीस वर्षं जीभ ज्या जागी थांबत आली होती, त्या जागी थांबली.

धुरपानं त्याच दिवशी कांद रांधला. रात्रभर घरातल्या सगळ्यांची पोटं ढवळली आणि सकाळी हातापायांत गोळे आले. उपाशी पोटाला नवं अन्न, लागायचंच, असं धुरपा म्हणाली. दुपारपर्यंत माणसं उठून बसली. त्या दुपारी कुडापलीकडून मैनानं हाक मारली.

"काकी, आईकडनं काय आणलंस?"

"तिलाच इचार की. तुझीच आई हाय."

"आई पुरतं सांगणार न्हाई. तू सांग."

तेव्हा धुरपानं सांगितलं. वेल, चकत्या, राख, आणि एक पाणी.

तिसऱ्या दिवशी सकाळी मैनाच्या घरातून धूर निघाला नाही. खोटाही नाही. वाडीतल्या एका बाईनं येऊन आवडाला सांगितलं तेव्हा ती चकत्या करत होती. ती विळीवरून उठली ती तशीच गेली.

जावई दारात पडला होता, मैनाची सासू चुलीपाशी. दोन्ही नातवंडं एकमेकांना धरून होती, त्यांना सोडवावं लागलं. मैनाचे डोळे उघडे होते. चुलीवरच्या मडक्यात पाणी होतं, हळदीसारखं पिवळं. मडक्यातलं पाणी आवडानं एकदाच पाहिलं.

"किती पाणी टाकलंस, बाय?"

"एक." मैनाचे ओठ सुटत नव्हते. "काकीनं एकच सांगितलं."

"मला का नाही विचारलंस?"

मैना म्हणाली, "तुझ्यापेक्षा काकी बरी, म्हणलं." आणि म्हणताना तिला जरासं हसू आलं, असं म्हणतात. दिवस डोक्यावर येईपर्यंत ती होती.

धुरपा दाराबाहेर उभी होती. आत येत नव्हती.

"धुरपे, पोरीला किती सांगितलंस?"

"एक."

"मी तुला दोन सांगितलं होतं."

"मला वाटलं, तिचं एक घागर पाणी वाचंल." धुरपानं पदर तोंडात धरला, मग सोडला. "न्हाई, आक्का. खोटं कशाला बोलू. सवयीनं राखलं."

मग धुरपानंच विचारलं.

"तू किती राखलंस?"

"एक."

"म्हंजी तीन हुतं."

"तीन."

दोघी तिथंच बसल्या. या ठिकाणी सावरखिंडीतल्या म्हाताऱ्या गोष्ट थांबवतात आणि ऐकणाऱ्या पोरींना हिशेब करायला सांगतात. तीन पाण्यांनी आवडाचं घर जगलं. दोन पाण्यांनी धुरपाचं आजारी पडलं. एका पाण्यानं मैनाचं गेलं. पोरी बोटं दुमडून मोजतात. त्यात मोजायला अवघड काही नाही.

मग धुरपा एकदम उठली. "आक्का, परवा खिंडीच्या वाटेवर बाया भेटल्या हुत्या. पलीकडच्या. बोरखळच्या दोघी, अन् एक तरसवाडीची. पाचीही गावांत त्यांच्या बहिणी, नणंदा. लई रडत हुत्या. मी त्यांस्नी कांद सांगितला."

"किती पाणी?"

"एक."

उपाशी पायांनी खिंड उतरून त्या बाया काल रात्री घरी पोचल्या असतील, आज कांद खणला असेल. त्यांनी बहिणींना सांगितलं असेल, नणंदांना सांगितलं असेल. आणि त्याही सावरखिंडीसारख्याच हातचं राखायच्या रिवाजात वाढलेल्या. एकातून एक राखलं की काय उरतं, ते आवडाला कोणी सांगायला नको होतं. दिवस कलायला दोन प्रहर होते. दिवस कलला की पाच गावांतल्या चुली पेटणार होत्या.

आवडानं मैनाचं तोंड पदराच्या तुकड्यानं झाकलं. माती द्यायला ती थांबली नाही. हे तिला गावातल्या काही बायकांनी पुढे पुष्कळ वर्षं माफ केलं नाही, आणि तिनं माफी मागितलीही नाही. ती खिंडीकडे निघाली. मागून धुरपा, दोन दिवसांची आजारी, दर दहा पावलांवर बसत आणि पुन्हा उठत.

एरवी खिंड चढायला सबंध दिवस लागतो. आवडाबाई एका दमात चढली, असं म्हणतात. तिच्या पायांखालचे दगड तापून फुटले. ते फुटके दगड अजून दाखवतात. पावसापाण्यानंही दगड फुटतात, पण हे तिथं बोलून दाखवू नये. माथ्यावर पोचली तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. खाली पाच गावं होती आणि चुलींचा धूर निघायला लागला होता.

ती ओरडली, "टाका! पाणी टाका! तीन डाव पाणी टाका!"

तिच्या आवाजानं खिंडीतली घारींची घरटी खाली आली. बोरखळात चुलीवरची मडकी आपोआप उलटली. दुसऱ्या गावात जाळ चुलीत मागे सरकला, तिसऱ्यात लाकडं ओली झाली, चौथ्यात एका म्हातारीचा घास हातातच काळा पडला. आवाज दोन कोस गेला की बाई दोन कोस धावली, याबद्दल मतभेद आहेत. चुली विझल्या, याबद्दल नाहीत. चार गावं हे सांगतात. पाचवं गाव, तरसवाडी, काही सांगत नाही. डोंगराच्या सोंडेआड असल्यामुळे तिथं सावली लवकर पडे आणि लोक लवकर जेवत. दुसऱ्या दिवशी दोघी तिथं पोचल्या तेव्हा सांगायला कोणी उरलं नव्हतं. एका घरात मडकंसुद्धा नव्हतं. तिथपर्यंत कृती पोचली तेव्हा तिच्यात पाणीच राहिलं नव्हतं. त्यांनी कांद भाजून खाल्ला होता.

त्यानंतर दोघी जावा गावोगाव फिरल्या. प्रत्येक गावच्या विहिरीवर उभ्या राहायच्या. आवडा म्हणायची, "तीन पाणी आहेत. मी दोन सांगितलं." धुरपा म्हणायची, "मी एक सांगितलं." बस, एवढंच. कुठं बाया रडल्या, कुठं थुंकल्या. एकीनं चुलीतली गरम राख धुरपाच्या अंगावर टाकली. धुरपानं ती झटकली नाही. पुढच्या गावात राखेनं माखलेलीच उभी राहिली आणि म्हणाली, "मी एक सांगितलं."

परत आल्या त्या सरळ ओट्यावर. कोंडाई तिथं बसली होती. तिचा नवरा त्याच आठवड्यात गेला होता, साधा भुकेनं.

"तीन का?" कोंडाईनं विचारलं.

"तीन."

"का चार?"

"तीनच, कोंडाई."

"तुझं आता काय खरं धरायचं? वीस वरसं तुझे शेंगोळे करतीया मी. आणखी काय काय राखलंयस, ते सांग. सगळं सांग. मग मी तिनाचं खरं धरते."

बायका भोवती जमल्या. आवडा ओट्याच्या पायरीवर बसली.

"शेंगोळे," ती म्हणाली. "दोन शेंगोळे रश्शात कुस्करून सोडायचे. त्यानं रस्सा धरतो. ते मी कुणाला सांगितलं नाही. दोन शेंगोळे."

मग कारली. चिरून मीठ लावायचं, हे सगळ्यांना सांगितलं होतं. नंतर ताकात घालून ठेवायची, हे राखलं होतं. मग वांग्यातल्या मसाल्याचे तीळ, कमी भाजायचे. मग पुरणाची डाळ, मग मिरचीचा खर्डा, मग अळूचं देठ. गावात वांगं नव्हतं, तीळ नव्हते, डाळ नव्हती, तेलाचा थेंब नव्हता. उपाशी बायका ऐकत होत्या, त्यांच्या तोंडाला पाणी सुटत होतं आणि डोळ्यांतूनही वाहत होतं. आवडा तीन दिवस सांगत होती. ज्या त्या तीन दिवसांत ओट्यावर होत्या त्यांना पुढे आठ दिवस भूक लागली नाही, असं म्हणतात. पोट भरलं की भूक मेली, यावर जाणत्यांचं एकमत नाही.

तिचं झालं तेव्हा कोंडाई उठली. "माझ्या माडग्यात मी भाजलेल्या लसणाची एक पाकळी घालते," ती म्हणाली, आणि खाली बसली. मग दुसरी उठली, मग तिसरी. पाटलीणबाईनं सांगितलं, की तिची पुरणपोळी तिनं कधी केलीच नाही, मोलकरीण करायची. त्या दिवशी सावरखिंडीत एकीच्याही हातात काही उरलं नाही.

पुढचं निरनिराळं सांगतात. एकेक गोष्ट सांगताना आवडाबाई हलकी होत गेली. आधी तिची सावली पडेनाशी झाली, मग ती बसलेली पायरी तिच्यातून दिसू लागली, आणि शेवटची गोष्ट सांगून झाली तेव्हा ओट्यावर नुसतं लुगडं होतं, असं म्हणतात. धुरपा मात्र मरेपर्यंत सांगत राहिली, "आक्का उपाशी मेली. तीन दिस बोलली, पोटात काय नव्हतं. डोकं माझ्या मांडीवर हुतं, चांगलं जड लागलं." धुरपाचं कोणी मनावर घेतलं नाही. ती खरं बोलायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते गोष्टीत बसत नव्हतं.

आजही सावरखिंडीत नवी सून पहिला स्वयंपाक करण्याआधी ओट्याच्या पायरीवर तीन तांबे पाणी ओतते. चैत्र सरता सरता एका दुपारी पाच गावांतल्या बाया तिथं जमतात, आता काही पुरुषही येतात, आणि प्रत्येक जण एक कृती सांगतो, पुरती, आणि सांगून झालं की म्हणतो, "हातचं काही नाही, आवडाबाईची आण." सहावं गाव तरसवाडी. तिथलं कोणी येत नाही, पण तिचं नाव पुकारतात आणि कोणी बोललं नाही तरी तेवढा वेळ थांबतात. गावाचा फोनवर एक गट आहे. त्यावर रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास कोणीतरी विचारतं, "आज काय?" उत्तरांमध्ये भेंडी असते, पावभाजी असते, फोडणीचा शिळा भात असतो. प्रत्येक कृतीच्या शेवटी "आ. आ." अशी दोन अक्षरं असतात. ती नसतील तर ती कृती कोणी करत नाही. मागे एक सून केकच्या कृतीत ती लिहायला विसरली, तेव्हा पंधरा जणींनी तिला फोन केले.

शेवटची बाब. तरसवाडीची नोंद सरकारी यादीत बेचिराग अशी आहे, म्हणजे जिथं दिवा लागत नाही असं गाव. मोडक्या जोत्यांपलीकडे तिथं काही नाही. सावरखिंडीच्या बायकांनी तिथं एक दगड उभा करण्यासाठी परवानगी मागितली आहे. दगडावर मैनाच्या घरातली पाच माणसं आणि तरसवाडीतली, नावं माहीत नसलेली, सगळी, एवढंच लिहायचं आहे. अर्ज दोनदा परत आला. पहिल्यांदा मृत्यूचे दाखले जोडले नव्हते म्हणून, दुसऱ्यांदा "अर्जदारांचे मयतांशी नाते" हा रकाना कोरा होता म्हणून. तिसऱ्यांदा बायकांनी रकाना भरला. त्यात लिहिलं, "आम्ही त्यांना अपुरं सांगितलं होतं." खाली एकशे बारा सह्या आणि नऊ अंगठे.

हा अर्ज गेल्या सव्वीस महिन्यांपासून प्रलंबित आहे.